दीडशे टक्क्यांचं भूत

"चूप! आता येईल. याच पानाला येतं."

कोणीतरी असं म्हणालं आणि साठ-सत्तर माणसांनी श्वास रोखला. खोली जेमतेम वीस माणसांची. उरलेले दारात, जिन्यात आणि खिडकीखालच्या गल्लीत माना उंचावून उभे. भिंतीवरच्या दोन स्पीकरमधून एका बाईचा आवाज गोष्ट वाचत होता. समुद्रातल्या खडकावर दिवा सांभाळणारी एक आई, होडी घेऊन निघालेला तिचा मुलगा आणि अचानक उठलेला वारा, अशी ती गोष्ट होती. वाचणं शांत आणि सावकाश चाललं होतं. मग गोष्टीतल्या आईने मुलाला हाक मारली.

"परत ये!"

ती हाक माणसाच्या गळ्यातून आल्यासारखी वाटतच नव्हती. पत्रा फाडावा तशी खरखर आणि तिच्यामागे कोणीतरी गुरगुरत असल्यासारखा घोगरा नाद. जिन्यातल्या एका बाईने किंचाळून नवऱ्याचा दंड धरला. पुढच्याच ओळीला आवाज पुन्हा निवांत झाला, जणू काही घडलंच नव्हतं.

वाचणारी बाई आठ महिन्यांपूर्वी वारली होती.

गर्दीत कोपऱ्यात हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी उभा होतो आणि मनापासून कंटाळलो होतो. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बावीस वर्षं करतोय. चमत्कार बघायला माणसं धावत येतात, आणि चमत्कार बिघडला की मला फोन करतात. यात मला आता नवल वाटत नाही, फक्त पाय दुखतात.

ही खोली म्हणजे बोलक्या पुस्तकांचं वाचनालय. मागे, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेली एक छोटी खोली आहे, तिथे डोळस माणसं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. पुढच्या खोलीत दुपारी अंध माणसं येतात आणि ऐकतात. कॉम्प्युटर देणगीत आलेला, म्हातारा. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं, कारण ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या यंत्राला झेपतं. त्याला कीबोर्ड आहे, पण स्क्रीन नाही. खोली सांभाळणाऱ्या मावशी जन्मापासून अंध, ऐकायला येणारेही अंध, मग स्क्रीन लावायचा कोणासाठी? निवडलेल्या पुस्तकाचं नाव यंत्र बोलून सांगतं, मावशी कळा दाबतात, काम चालतं.

वारलेल्या त्या मोठ्या बाई. सगळे त्यांना तसंच म्हणत. पस्तीस वर्षं साठ-साठ मुलांच्या वर्गात शिकवून कमावलेला आवाज होता त्यांचा. शेवटच्या बाकावर डुलकी घेणारं पोर पहिल्या हाकेला ताठ बसे. त्यांनी दोनशे चौदा पुस्तकं वाचून ठेवली होती. संवाद आला की नुसता वाचत नसत, बोलत. भांडण असलं की भांडत.

त्या गेल्या तेव्हा त्यांची एकुलती एक लेक परदेशी होती. पोचायला तिला उशीर झाला. आईचं तोंडही बघायला मिळालं नाही. वाचनालयातही सहा महिने कोणी बाईंचं पुस्तक लावलं नाही. मावशी म्हणायच्या, "नको, सोसवत नाही." त्या काळात बँकेत काम करणारी एक मुलगी वाचायला येऊ लागली. वाचते छान, पण आवाज इतका मऊ की शेजारच्याला वाटावं, ही मनातल्या मनात वाचतेय.

मग लेक सुट्टी घेऊन आली. आईचं एखादं पुस्तक ऐकायचंय म्हणाली. मावशींनी दिव्यावरच्या बाईची गोष्ट लावली. आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा उघडलेल्या त्या आवाजाने लेकीच्या तोंडावर गुरगुरून हाक मारली, "परत ये!"

पोरगी खुर्चीवरून उठली ती थेट रस्त्यावर गेली. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की मोठ्या बाई लेकीवर रागावल्यात.

मला बोलावलं. मी आलो, वायर बदलली. स्पीकर बदलले. साउंड कार्ड चालवणारा प्रोग्राम काढून पुन्हा घातला. माझा लॅपटॉप जोडून साउंड कार्डाची आवाजाची पट्टी बघितली, ती जिथे असायला हवी तिथेच होती. चाचणी म्हणून मऊ आवाजाच्या त्या मुलीचं पुस्तक लावलं. काचेसारखं स्वच्छ! मोठ्या बाईंचं लावलं की फाटायचं. त्यांची बाकीची पुस्तकंही फाटायची, आणि भांडणाच्या, रागाच्या वाक्यांना सगळ्यात जास्त. तीन आठवड्यांत मी पाच खेपा घातल्या. पाचव्या खेपेला वैतागून, दमून, मी जे बोलायला नको होतं ते बोललो.

"यंत्र ठीक आहे."

हे वाक्य मौनीबाबांनी झेललं.

मौनीबाबांनी पूर्वी कधीतरी मौन पाळलं होतं म्हणे. तेव्हापासून त्याची भरपाई चालू होती. गल्लीच्या टोकाला त्यांचा हॉल, तिथे रोज संध्याकाळी बैठक. अंगात पांढरा झब्बा, मनगटावर महागडं घड्याळ, आणि जिभेवर 'कंपनं', 'ऊर्जा', 'क्वांटम' हे तीन शब्द आलटून पालटून. क्वांटम म्हणजे काय हे मला कळत नाही. पण त्यांना कळत नाही हे मला नक्की कळतं.

"यंत्र जाणणारा स्वतः सांगतो, यंत्र ठीक आहे!" बाबा खोलीच्या मधोमध हात पसरून म्हणाले. "मग बिघाड कुठे? यंत्राच्या पलीकडे! सर्वांची वाणी शुद्ध, एका मृतात्म्याचीच का फाटते? शांत वाक्य शांत, आणि संतापाचं वाक्य आलं की अग्नी! हे कोणतं तंत्रज्ञान? सांगा!"

मला सांगता येईना. हीच तर पंचाईत होती.

मग त्यांनी आपला चमत्कार केला. ती गोष्ट एका पेनड्राइव्हवर घेतली, झब्ब्याच्या खिशातून तळहाताएवढा स्पीकर काढला, त्याला पेनड्राइव्ह लावला, वर हात ठेवला, डोळे मिटले. मोठ्या बाईंचा आवाज आला, स्वच्छ, गोड. "परत ये!" ही हाकसुद्धा जशी वाचली होती तशीच.

"बघा. माझ्यापाशी माउली शांत आहे."

"अहो, म्हणजे रेकॉर्डिंग चांगलं आहे, इतकंच सिद्ध होतं!" मी ओरडलो. "दुसऱ्या कुठल्याही स्पीकरवर असंच वाजेल!"

पण बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. अशा वेळी कोण कोणाचं ऐकतं?

बाबांचा उपाय सोपा होता. बाईंचा आत्मा या दोनशे चौदा पुस्तकांत अडकलाय. सगळी पुस्तकं बाबांच्या स्वाधीन करायची आणि इथली मूळ पुस्तकं पुसून टाकायची, म्हणजे धागे तुटतील. पुढे ज्याला मोठ्या बाईंना ऐकायचं असेल त्याने बाबांच्या हॉलवर यावं, बैठकीला बसावं. दार सर्वांना उघडं आहे. म्हणजे ज्या अंध माणसाला जगात दुपारी ऐकायला एवढं एकच काही होतं, त्याने आता आधी तासभर क्वांटम ऐकायचं.

रेकॉर्डिंगवर हक्क लेकीचा. वाचनालयाच्या कागदावर तसंच लिहिलेलं. तिने रविवारी दुपारी चारची वेळ ठरवली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, तुमच्याकडे अजून एक प्रत आहे ना? तीही आणा. दोन्ही पुसायच्या."

"ताई, एकदा पुसलं की परत येत नाही."

"आईला रोज असं ओरडताना कसं ऐकू मी?" ती म्हणाली. "तुम्हाला जमलं नाही ना बरं करायला? मग?"

गुपचूप एक प्रत ठेवावी असं मनात आलं. पण तिच्या आईचा आवाज तिच्या नकळत कपाटात ठेवणं हे मला चोरीसारखंच वाटलं. मी डिस्क पिशवीत घातली.

शनिवारी दुपारी खोलीत आम्ही तिघंच होतो. मावशी, मी, आणि ऑपरेटरकाका. काका टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेले. अंध माणसाला तेव्हा जी दोन-चार कामं मिळत त्यातलं ते एक. शेवटच्या खुर्चीवर रोज बसतात आणि फारसं बोलत नाहीत.

"जरा ती हाक पुन्हा लाव," काका म्हणाले.

मावशींनी लावली. खर्रर.

"अजून एकदा. आणि हाक नको ऐकू. हाकेच्या आधी बाई श्वास घेते तो ऐक."

मी ऐकला. हाकेच्या आधी बाईंनी खोल श्वास घेतला होता. स्वच्छ. इतका स्वच्छ की ओठ विलग झाल्याचंही कळावं.

"आता हाकेनंतरचं. 'बाळा' म्हणते बघ, हळू. कसं आहे?"

"स्वच्छ आहे, काका."

"मग? भुताला फक्त ओरडताच येतं का? कुजबुजता येत नाही?" काका हसले नाहीत. "एक्सचेंजमध्ये कोणी लाइनीवर बोंबललं ना, की असंच ऐकू यायचं. हळू बोललं की ठीक. माणसात दोष नसायचा रे. लाइनीला झेपायचं नाही."

रागाच्या वाक्यांना फाटतं, कारण रागाची वाक्यं मोठ्याने वाचलेली असतात. ती बँकेतली मुलगी कधी फाटत नाही, कारण ती कधी मोठ्याने बोलतच नाही, आणि बाकीचे वाचणारेही एका सुरात, सपाट वाचतात. आणि मी शहाणा, पाचही वेळा चाचणी तिच्या आवाजावर घेत बसलो होतो.

"मावशी, आवाज कितीवर ठेवलाय?"

"पूर्ण."

"पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे कळ दाबत जायची, वाढायचा थांबेपर्यंत. तुम्हीच नाही का करून दिलंत?" मावशी म्हणाल्या. "त्या मुलीचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा मी फोन केला होता, कोणालाच ऐकू येत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, मावशी, कळ शंभरला थांबते, दीडशेपर्यंत जाऊ देतो. पाच मिनिटांत केलंत."

खरंच केलं होतं. घरून, लॅपटॉपवरून, त्याच दिवशीच्या दहा-बारा तक्रारींपैकी एक म्हणून. आणि साफ विसरलो होतो.

वाचनालयाच्या कार्यालयातला स्क्रीन उचलून आणला आणि या कॉम्प्युटरला जोडला. लिनक्समध्ये आवाजाचा ताबा दोन ठिकाणी असतो. खाली साउंड कार्ड, आणि त्याच्या वर साउंड सर्व्हर नावाचा एक मध्यस्थ. मी तीन आठवडे खालचीच पट्टी तपासत होतो, ती बिचारी सरळ होती. वरची पट्टी स्क्रीनवर उघडली, तर शंभरची खूण ओलांडून, लाल होऊन, दीडशेवर बसली होती. मावशी कळ दाबून पूर्ण वाढवायच्या आणि यंत्र बंद-चालू केलं तरी ते आकडा लक्षात ठेवायचं. डोळस माणसाच्या घरी तो लाल रंग पहिल्या दिवशी दिसला असता. या खोलीत तो दिसणार कोणाला?

आकडा शंभरवर आणला. "परत ये!" मोठ्या बाईंनी हाक मारली, आणि मावशींनी तोंडावर हात ठेवला.

"लेकीला फोन करतो," मी म्हणालो.

"थांब," काका म्हणाले. "आज नुसतं बरं करून ठेवलंस, तर उद्या तो बाबा म्हणेल, माझ्या पायगुणाने झालं. पुन्हा दीडशेवर ने. उद्या सगळ्यांसमोर होऊ दे."

रविवारी चारला गर्दी दुप्पट होती. बाबा घड्याळ सावरत आले. लेक भिंतीला टेकून उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते. मी प्रतीची डिस्क टेबलावर, मूळ पुस्तकांच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवली आणि हात जोडले.

"बाबा, पुसण्याआधी एक विनंती. आपले दोन शब्द या माइकवर रेकॉर्ड करू द्या. संग्रहात राहतील."

माइक दिसल्यावर बाबांना दम निघेना. दोन शब्दांची चार मिनिटं झाली. "हे ब्रह्मांड! म्हणजे! कंपन!" छातीचा भाता करून बोलले. मी ते जपून ठेवलं आणि लगेच स्पीकरवर लावलं.

"ह्हे ब्रर्रर्रह्मांड!" पत्रा फाटला. मागे कोणीतरी गुरगुरलं. मोठ्या बाईंचं जे होत होतं ते आणि तसंच, किंबहुना थोडं वाईटच.

शेवटच्या खुर्चीवरून ऑपरेटरकाकांनी अदबीने विचारलं, "बाबा, आपण कधी वारलात?"

जिन्यात कोणीतरी फसकन हसलं आणि मग हसू खाली गल्लीपर्यंत उतरत गेलं. पण बाबाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"माउलीने माझी वाणी धरली!" ते गरजले. "कोप वाढलाय! आत्ता पुसा, या क्षणी!"

आणि हसणाऱ्यांतले निम्मे पुन्हा गंभीर झाले. मला ते अपेक्षितच होतं. मी सांगून ते पटणार नव्हतं, मी तर आधीच एकदा चुकलेला माणूस. म्हणून मी लेकीकडे वळलो.

"ताई, इकडे या. ही कळ आवाज कमी करते, ही वाढवते. समोर आकडा दिसतोय. बाबांचं भाषण चालू ठेवतो. तुमच्या हाताने करा."

ती नको नको म्हणत आली. कळ दाबू लागली. एकशे चाळीस. एकशे वीस. गुरगुर पातळ होत गेली. शंभरला बाबा माणसासारखे बोलू लागले. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा वाढवलं. एकशे तीसला भूत हजर. पुन्हा कमी. भूत गेलं. असं तिने चार वेळा केलं. मग तिने स्वतःच शंभरवर आकडा ठेवून सांगितलं, "आता आईचं लावा."

मावशींनी लावलं. दिवा सांभाळणाऱ्या त्या आईने मुलाला हाक मारली. हाक मोठी होती, वाऱ्यातून जावी इतकी, पण तिच्यात राग कुठेच नव्हता. काळजी होती. लेक टेबलाची कड धरून उभी राहिली.

मी सांगितलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटत होती. "यंत्राला आवाजाची एक कमाल उंची असते. त्या मुलीचा आवाज बुटका, दीडपट केला तरी छताखाली मावतो. मोठ्या बाईंचा मुळातच उंच. तो दीडपट केला की वरचं टोक कापलं जातं, आणि कापलेला आवाज असा खरखरतो. रेकॉर्डिंगला काही झालेलं नाही, म्हणून बाबांच्या खिशातल्या स्पीकरवर ते नीट वाजलं. हे भूत इथे कोणी बसवलं विचाराल तर मी बसवलं. फोनवर, पाच मिनिटांत. आणि नंतर न तपासता म्हणालो, यंत्र ठीक आहे. चूक माझी."

बाबांनी घड्याळ बघितलं. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. त्यांच्यामागे तीसेक माणसं गेलीच. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "पण काही म्हण, बाबा आले आणि उलगडा झाला!" आता याला काय करावं? मी सोडून दिलं.

खोली रिकामी झाली तरी लेक उभीच होती.

"म्हणजे आई रागावली नव्हती?"

"गेलेलं माणूस रागावत नाही, ताई. जिवंतपणी रागावल्या होत्या का, ते तुम्हालाच माहीत."

"शेवटच्या फोनवर म्हणाली होती, हातातलं काम टाकून धावत येऊ नकोस, मी बरी आहे." मग तिचा आवाज बदलला. "महिनाभर मी ते विसरूनच गेले होते. महिनाभर मला फक्त तो ओरडा ऐकू येत होता." आणि ती मोकळेपणी रडली. मावशी चाचपडत गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं. बाबांनी तिची पुस्तकं मागितली होती, पण त्याआधी तिच्या आईचा शेवटचा शब्द तिच्याकडून काढून घेतला होता, आणि त्याला निमित्त माझी पाच मिनिटं होती.

पुस्तकं पुसली नाहीत. त्या मुलीला मी माइक जवळ घेऊन वाचायला शिकवलं, ते खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कळ पुन्हा शंभरला थांबते.

वाचकहो, बाबांची मला फार भीती वाटत नाही. भीती वाटते ती आपण दमतो, घाईत असतो आणि विचारणं सोडून देतो याची. नवल दिसलं की कोणीही विचारतो, हे केव्हा होतं? त्याचं उत्तर बाबांकडेही तयार असतं. तुम्ही एवढंच आणखी विचारा, हे केव्हा होत नाही? ज्याला याचं उत्तर शोधायचं नाही, तो कितीही गोड बोलो, त्याच्या हाती आपल्या माणसाचं काहीही पुसायला देऊ नका.